पेटीतून न निघालेली बाटली

मी एक जुना फ्रिज आहे. सावद्याला कौतिकनानांच्या घराच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. एकच दार, आत तीन जाळ्या, खाली भाजीचा डबा. दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय, त्यामुळे दार लावताना गुडघ्याने रेटा द्यावा लागतो. माझ्या वयाचे बहुतेक फ्रिज कधीच भंगारात गेले. मी मात्र अजून चोख थंड करतो आणि त्याचा मला गर्व आहे. मित्रांनो, हा गर्वच पुढे मला नडला, म्हणून तो आधीच कबूल करून टाकतो.

केळीला चांगला भाव लागला त्या वर्षी नानांनी मला जळगावहून टेम्पोत घालून आणलं. कमलबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, माझ्या दाराला हळदकुंकू लावलं. गल्लीत तेव्हा फ्रिज नव्हता. उन्हाळ्यात बायका स्टीलचे डबे घेऊन बर्फाला यायच्या, कोणाचं पोर तापाने फणफणलं तरी आधी माझ्याकडेच धाव घ्यायच्या. दीपनगरचं वीजकेंद्र इथून फार लांब नाही, तरी आमच्या गल्लीतली लाईट जायची ती जायचीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण लाईट गेली तरी मी तीन-चार तास गारवा धरून ठेवायचो. "फ्रिज असावा तं असा," असं कमलबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि मी आतल्या आत फुगायचो.

मग स्वयंपाकघरात दोन दारांचा नवा फ्रिज आला आणि मला मागे ढकललं. म्हशीची औषधं, लग्नातले हार, कोणालाच नको असलेलं लोणचं, असं काहीबाही माझ्या पोटात पडून राहायचं. महिना महिना माझं दार उघडत नसे. रुसून तरी कोणावर रुसणार?

दोन वर्षांपूर्वी नानांची सून नूतन खायच्या सोड्याचं पाणी घेऊन आली. तिने मला आतून-बाहेरून पुसलं, तापमान बघायचा छोटा काटा माझ्या मधल्या जाळीला टांगला आणि कडी बसवून कुलूप घातलं. मला वाटलं, आपले दिवस पालटले. दुसऱ्या दिवशी थर्माकोलच्या पेटीतून बर्फाच्या पिशव्यांमध्ये गुंडाळलेल्या बेचाळीस बाटल्या आल्या. करंगळीएवढी बाटली, तळाला पांढरी भुकटी. त्याला पेप्टाइड म्हणतात. वजन उतरवायचं इंजेक्शन. मेडिकलमध्ये असलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं आणि महाग पडतं. हे मात्र चिठ्ठीवाचून, पंचवीस-तीस जणांनी फोनवरच्या ग्रुपमध्ये एकत्र मागवलेलं.

हा ग्रुप धुळ्याच्या भूषणने जमवला होता. तो तिथे जिम चालवतो, नूतनच्या नवऱ्याचा कॉलेजचा मित्र. माल पाठवणारा शेट कुठला, हे कोणी पाहिलं नव्हतं. पण तो प्रत्येक पेटीमागे लॅबचा रिपोर्ट पाठवायचा, शिक्क्यासकट. शुद्धता नव्व्याण्णव टक्के, वजन बरोबर. सावदा, फैजपूर, रावेरकडच्या लोकांच्या बाटल्या सांभाळायचं काम नूतनने घेतलं, कारण तिच्याकडे रिकामा फ्रिज होता. म्हणजे मी.

नूतन काही भोळी नव्हे. बी.एस्सी. झालेली बाई, घरच्या केळीचा सगळा व्यवहार तीच बघते. पण तिची एक सवय आड आली. आमच्याकडे केळीची टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं गटानेच बुक होतात. एक जण पुढारी, बाकीचे त्याच्या मागे, आणि रोपांसोबत कंपनीचा तपासणीचा कागद येतो. तो कागद कोणी उलटून पाहत नाही, कारण रोप खोटं निघालं तर चार महिन्यांत शेत बोलतं आणि कंपनीचा माणूस बांधावर येऊन उभा राहतो. नूतनने हेही तसंच धरलं. तिने रिपोर्ट गल्लीतल्या बायकांना पाठवला आणि खाली लिहिलं, मी बघितला आहे, निर्धास्त घ्या. भेटेल तिला तोंडीही तेच सांगितलं.

मित्रांनो, एक गोष्ट मला तेव्हाच ठाऊक होती. पेटी आली तेव्हा चिकटपट्टी जशीच्या तशी होती आणि छापलेल्या आकड्याप्रमाणे आत बेचाळीस बाटल्या होत्या. रिपोर्ट आला त्या दिवशीही माझ्या पोटात बेचाळीसच होत्या. मग लॅबने तपासली ती बाटली कुठली? मला प्रश्न पडला होता, पण मी माझ्याच तोऱ्यात होतो. काटा पाचावर ठेवला की माल चांगला, असं मला वाटायचं.

नूतनने तीन आठवडे सुई घेतली. वजन तसूभर हललं नाही. भूषण म्हणाला, काही अंगांना जास्त लागतं, मात्रा वाढवा. याच सुमारास कमलबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. त्यांना साखरेचा त्रास, त्याच्या गोळ्या चालू. सासूला संडासापर्यंत धरून न्यावं लागतं हे नूतनला बघवत नव्हतं. तिने ठरवलं, आईंना सुई द्यायची, आणि आपल्यासारखं वाया जायला नको म्हणून पहिल्यापासूनच मोठी मात्रा द्यायची. डॉक्टरांना विचारलं तर ते रागावतील म्हणून विचारलं नाही.

तो रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. नूतनने कुलूप काढलं, एक बाटली उचलली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. आमच्या गल्लीतली लताबाई भुसावळच्या दवाखान्यात होती. शुक्रवारी तिने माझ्याकडूनच नेलेल्या बाटलीतली पहिली सुई घेतली होती, ती नेमून दिलेली लहानच. तेव्हापासून उलट्या थांबत नव्हत्या, पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता, सलाईन लावलं होतं, आणि किडनीवर ताण आलाय असं डॉक्टर म्हणत होते.

नूतनचा हात माझ्या दारावर होता. तिने लगेच भूषणला फोन लावला. तो घाबरला नाही. म्हणाला, एखादीला सोसत नाही, उन्हाचे दिवस आहेत, तिने बाहेरचं काही खाल्लं असेल. शेवटी नेहमीचं वाक्य आलं, सगळ्यांना तोच माल दिलाय म्हणून.

"ताई, रिपोर्ट शे ना आपलाकडे. बठ्ठासले तोच माल दिधा."

नूतनने रिपोर्ट पुन्हा उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. नव्व्याण्णव टक्के, शिक्का, सही. तिचा जीव भांड्यात पडला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला आवाज आहे तो फक्त घरघरीचा. ती घरघर मी जिवाच्या आकांताने केली. नूतन एवढंच म्हणाली की याचा कॉम्प्रेसर गेला वाटतं.

तिने बाटलीत पाणी घातलं, हलकेच फिरवलं, इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये औषध ओढलं. लताबाईने घेतलं होतं त्याच्या तिप्पट. कमलबाई खोलीतल्या खाटेवर पोटाचं लुगडं सैल करून बसल्या होत्या. त्यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. नूतनने स्पिरिटचा बोळा लावला तसा त्यांनी तिचा हात धरला.

"कागद खरा असन, मी नाही म्हनत नाही. पन तपासाले बाटली कोनं काढली?"

नूतन म्हणाली, शेटनेच दिली असेल, तपासणी तोच करून घेतो. कमलबाईंनी तिचा हात सोडला नाही. त्यांचं माहेर असोद्याचं. वडिलांची कापसाची गाडी बाजारात जायची, लहानपणी त्या गाडीवर बसून जायच्या.

"माह्या बापानं गाडीवरचा पांढराफेक कापूस दाखवला, तं व्यापारी तेवढ्यावर भाव देत व्हता का? कोपरापावतर हात घालून, खालून मूठ काढे तो. इकनारानं काढलेली मूठ कोनी धरत नाही, पोरी."

नूतनने सुई ताटलीत ठेवली, भूषणला पुन्हा फोन लावला आणि एकच विचारलं, आपल्या पेटीतली कोणती बाटली तपासली?

"आपला पेटीमाईन नही, ताई. शेटनी त्यानाकडली बाटली लॅबले धाडी. पन माल तोच शे."

ती सुई मोरीत रिकामी झाली. नूतनने तिथल्या तिथे ग्रुपवर सगळ्यांना लिहिलं की कोणीही घेऊ नका. मग रिक्षा करून भुसावळला गेली आणि लताबाईच्या डॉक्टरांना काय घेतलं ते खरं खरं सांगितलं. सोमवारी तिने माझ्यातून दोन बंद बाटल्या काढल्या, एक वरच्या थरातली, एक तळातली, आणि स्वतः शोधलेल्या लॅबला पाठवल्या. तपासणीसाठी माझ्या पोटातून निघालेल्या त्या पहिल्याच बाटल्या.

बारा दिवसांनी उत्तर आलं. एकीत लिहिलेल्याच्या पाव हिस्सासुद्धा औषध नव्हतं. दुसरीत जवळजवळ दुप्पट होतं. पेटी एक, झाकणं एकसारखी, गारवा माझा, सारखाच. कमलबाईंसाठी ओढलेली सुई यातली कोणती होती ते आता कोणालाच कळणार नाही. त्या विचाराने नूतन दोन दिवस जेवली नाही.

महिन्याभराने लताबाई आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला, चालताना भिंतीचा आधार घेत होती. अजून दर आठवड्याला रक्त तपासायला जावं लागतं. नूतनने तिच्यापुढे दोन्ही रिपोर्ट ठेवले, शेटचा आणि स्वतःचा, आणि रडत रडत म्हणाली की त्या कागदाने आपल्याला फसवलं. लताबाईने कागदांना हातही लावला नाही.

"मले कुठी कागद वाचता येतो, नूतन? तू सांगितलं म्हून मी घेतलं."

ती गेल्यावर नूतन माझ्या दाराला पाठ टेकून किती तरी वेळ बसून होती.

मित्रांनो, आता मी पुन्हा रिकामा आहे. कुलूप निघालं, काटा तेवढा टांगलेला राहिला. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्याच्या गारव्यावर जाऊ नका, शिक्क्यावरही जाऊ नका. आणि दुसऱ्याला "मी बघितलंय, निर्धास्त घे" असं म्हणायच्या आधी आपण नक्की काय बघितलं ते स्वतःला विचारा. कागद न वाचता येणारं कोणी तरी तुमच्या त्या एका वाक्यावर सुईसमोर आपलं अंग पुढे करत असतं.