बागबाजारातली देवरुखची विळी

या, बसा. पाय मात्र जरा आवरून घ्या, माझं पातं अजून धार धरून आहे. मी विळी. देवरुखच्या लोहाराने मला ठोकली, सुताराने शिसवी पाटावर बसवली आणि टोकाला खोवणीचे दाते काढून दिले. पुढची चाळीस वर्षं मी एकाच बाईच्या पायाखाली काढली. पायाखाली म्हणजे कमीपणा नव्हे हो! पाट पायाने दाबल्याशिवाय विळी चालतच नाही. त्या बाईंना सगळे माई म्हणत.

माईंचे यजमान गेले तेव्हा त्यांचा मुलगा मुकुंद बँकेच्या नोकरीत कलकत्त्याला होता. तो आईला न्यायला आला. माईंनी देव घेतले, चार लुगडी घेतली आणि मला गोणपाटात गुंडाळलं. मुकुंद म्हणाला, "आई, तिकडे विळ्या मिळतात गं." माई म्हणाल्या, "मिळू देत. त्यांना माझा पाय ठाऊक आहे का?"

ते एकोणसत्तर साल. बागबाजारात एका जुन्या घराचा वरचा मजला मुकुंदने भाड्याने घेतला होता. खाली गल्लीतच बाजार. माईंनी पहिल्या सकाळी गॅलरीतून वाकून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. इकडे भेंडी, तिकडे मासे. मासे धुतलेलं पाणी वाहत वाहत थेट भाजीच्या टोपल्यांखाली. आमच्या माई कडक. घरात कधी मासळीचा वास आला नव्हता. म्हणाल्या, "या बाजारातलं पान माझ्या पोटात जायचं नाही."

झालं! ताकभात आणि मेतकूट, मेतकूट आणि ताकभात. मी भिंतीला टेकून नुसती बसलेली. चैत्र लागला, उकाड्याने जीव नकोसा झाला, तसा माईंचा ताकभातही निम्म्यावर आला. लुगड्याच्या निऱ्या वाढल्या. आधी सात पडत, आता नऊ पडू लागल्या. डॉक्टर मुकुंदला बाजूला घेऊन म्हणाले, "आई अशाच राहिल्या तर हा उन्हाळा काढायच्या नाहीत." दाराआड मुकुंदची बायको सरला उभी होती. तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सरला टोपली घेऊन आली. "माई, यांच्या साहेबांच्या बागेतली भाजी आहे. माळ्याने आणून दिली. बाजार कसला तो हिने पाहिलेलासुद्धा नाही."

माईंनी दुधी हुंगून पाहिला. मग मला पुढे ओढलं. काय सांगू, गंज लागत आलेल्या माझ्या पात्याला जीव आला! दुधी, लाल भोपळा, एके दिवशी कैरी किसून आंब्याची डाळ. माई चार दिवस जेवल्या. थोडंच, पण जेवल्या. सरला येता-जाता त्यांच्या पानाकडे बघायची, जसं चुलीवरच्या दुधाकडे बघावं.

पाचव्या दिवशी घात झाला. दुधीच्या देठाशी काहीतरी चमकलं. मला आधी दिसलं, पण मला तोंड कुठे होतं? माशाचा खवला होता तो, नखाएवढा, चांदीच्या टिकलीसारखा. माईंनी बोटावर घेऊन उजेडात धरला.

"सरले, तुझ्या साहेबांच्या बागेत मासे पिकतात वाटतं?"

सरला रडू लागली. "खोटं बोलले मी, माई. तुम्ही जेवावं म्हणून."

"माझ्या पोटाला फसवलंस तू." एवढंच बोलून माईंनी मला आडवी केली आणि उठल्या. त्यानंतर दोन दिवस नुसतं ताक. सरलेने पाया पडून झालं, मुकुंदने रागावून झालं. माई भिंतीकडे तोंड करून निजून राहायच्या.

खाली घरमालकांची आई राहायची, निभारानी. सगळे तिला निभादी म्हणत. पांढरं लुगडं, कापलेले केस, जीभ माझ्यापेक्षा धारदार. तिने सरलेला जिन्यात रडताना पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून वर आली. निम्मं हिंदी, निम्मं बंगाली. सरला मध्ये बसून मराठीत सांगू लागली.

"ओ मा! तुम्ही तर बर्ग्यांची, त्या मराठा स्वारांची माणसं. तुमचे घोडेस्वार लुटायला येतील म्हणून आमच्या लोकांनी याच बागबाजारात खंदक खणला. आणि तू एका खवल्याला भ्यालीस?"

"सांग तिला," माई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "भीत नाही म्हणावं. किळस येते."

"मी सोळाव्या वर्षी विधवा झाले," निभादी म्हणाली. "पन्नास वर्षं मासा नाही, कांदा नाही, लसूण नाही. सुनेची मासे कापायची विळी वेगळी, माझी वेगळी. चूलसुद्धा वेगळी. भाजी मात्र याच गावची खाते. मग मी बाटले का गं?"

माई कुशीवर वळल्या. तिच्याकडे नीट बघितलं त्यांनी, पहिल्यांदाच.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर घाटावर चल. नदीपलीकडच्या शेतकरणी होडीने टोपल्या आणतात. मासेवाले उठायच्या आत आपण घरी."

माई जातील असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या. उन्हं वर यायच्या आत दोघी परतल्या. माईंच्या नाकावर घाम, चपला चिखलाने भरलेल्या आणि पदरात, लेकरू धरावं तसा, कोवळा फणस!

"सरले, कुयरी मिळाली गं! त्या बाईने माझ्यासमोर देठ मोडला. चीक बघ, अजून वाहतोय."

निभादी म्हणाली, "आमच्याकडे याला झाडावरचा बोकड म्हणतात. मसाला घातला की मटणासारखा लागतो."

"शिव शिव शिव!" माईंनी कानांवर हात ठेवले, आणि हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. यजमान गेल्यापासून मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं.

माईंनी माझ्या पात्याला तेल चोळलं. निभादी आपली विळी घेऊन समोर बसली. ती दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं खात नसे. तिचाही नेम होता. "कच्चं चालतं," ती म्हणाली. म्हणून कुयरी अर्धी अर्धी केली. माझ्या खोवणीवर नारळ खोवला, त्यातला निम्मा चव तिच्या वाटीत गेला. मग ती आपल्या चुलीकडे, माई आपल्या शेगडीकडे. कुयरी उकडली, ठेचली. मोहरी, सुकी मिरची, हळद, वर खोबरं. दुसरं काही नाही.

माई पानावर बसल्या. एक घास, दुसरा घास. मग म्हणाल्या, "भात उरलाय का गं अजून?"

सरला भात आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. तिकडे पदराने डोळे पुसत उभी होती.

"ये आता बाहेर," माईंनी हाक मारली. "आणि पुन्हा खोटं बोलू नकोस. भाजीला जाताना मला उठवत जा."

त्यापुढचे सहा उन्हाळे माई आणि निभादी घाटावर गेल्या. शेवगा, केळफूल, कैऱ्या. जे टोपलीत ताजं तेच त्या दिवशी ताटात. एकीची भाषा दुसरीला शेवटपर्यंत नीट आली नाही. मग मुकुंदची नागपूरला बदली झाली. सामान बांधताना माईंनी मला धुतलं, पुसलं आणि निभादीच्या दारात नेऊन ठेवलं. ती माईंना म्हणाली, "नारळ खोवायला बसेन तेव्हा तुला शिव्या देईन."

माई नागपूरला खुशाल आहेत, सरलेचं पत्र येतं. मी इथेच. पातं झिजून बारीक झालंय, निभादीला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून ती मला जपून वापरते.

एक मागणं आहे, म्हातारीचं समजून ऐका. उन्हाळ्यात प्रत्येक घरात एखादं माणूस असतं, 'भूक नाही' म्हणणारं. त्याला जेव जेव म्हणून छळू नका. फसवू तर मुळीच नका. त्याला बाजारात न्या, त्याच्या हातानं भाजी निवडू द्या, आणि घरी आल्यावर विळी त्याच्यापुढे सरकवून आपणही शेजारी बसा. चिरता चिरता ते विचारील, 'मीठ घातलंस का?' तेवढं विचारलं, की पान मांडायला घ्या.