काळ्या ट्रंकेवरचं दुसरं नाव

मी फौजी ट्रंक बोलतेय. काळी, पत्र्याची, एक कडी तुटलेली. भरभर सांगायची ताकद आता उरलेली नाही, तेव्हा जरा धीरानं ऐका.

बेळगावात छावणीबाहेरच्या एका दुकानात मी घडले. म्हसवडजवळच्या नाथाजींनी मला घेतलं, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि फौजेतला नंबर घातला नि बावीस वर्षं बर्फात, वाळूत फिरवलं. पाठ चेपली ती तिथंच. तक्रार नाही, कामाचं ओझं कधी जड वाटलं नाही.

जड झालं ते पुढं. हवालदार होऊन नाथाजी पेन्शनीत आले आणि त्यांनी स्वतःचं नाव पुसून लेकाचं घातलं: वीरधवल. पुढं नंबरासाठी जागा सोडली. सांगलीकडं फौजभरतीची तयारी करून घेणारी एक अकादमी होती, कॉलेजासकट. फाटकावर भरती झालेल्यांचे फोटो.

"किती पोरं लागली मिल्ट्रीत?" नाथाजींनी विचारलं.

"एकशेचाळीस," तिथले सर म्हणाले.

झालं! बैल घेतानासुद्धा माणूस दात बघतो. इथं नुसते फोटो बघून पोरगं ठेवलं.

वीरधवल दोन वर्षं ऊर फुटेस्तोवर पळाला. कॉलेज नावापुरतंच होतं. भरतीत छाती कमी भरली, वय निघून गेलं, पदवीही हाती नाही. तो ड्रायव्हर म्हणून पाण्याच्या टँकरवर चढला आणि मी माळ्यावर. माझ्यात गोधड्या कोंबल्या. नंबराची जागा मोकळीच राहिली. त्याला खाली बसलेला बघून मला फार वाईट वाटायचं.

यंदा त्याची लेक शिवांजली बारावी झाली. पदवी आणि एनसीसी करून तिला अधिकारी व्हायचंय. म्हाताऱ्यानं मला पुसलं, जीपमध्ये टाकलं आणि पुन्हा त्याच फाटकात आणलं. कुठवर तेच तेच बघायचं माणसानं, सांगा!

सर तेच होते, केस तेवढे पांढरे. "यंदा दोनशे दहा लागले," ते म्हणाले. नाथाजींची मान डोललीच.

"आणि जे न्हाई लागले, ते काय करत्यात सर?" शिवांजलीनं विचारलं.

सर हसले. "अगं, तसली पोरं आमच्याकडं नसत्यातच."

माझी कडी धरून वीरधवल समोरच उभा होता. दोन वर्षं ज्यांच्या शिटीवर पळाला, त्यांनी त्याला ओळखलंही नव्हतं. "चला," एवढंच तो म्हणाला. नाथाजींनी लेकाकडं बघितलं आणि ते मागं फिरले.

मिरजेच्या कॉलेजच्या फाटकावर एकही फोटो नव्हता. एनसीसीच्या नईम सरांना शिवांजलीनं तोच सवाल केला. सरांनी बोटांवर नावं मोजली. एक बँकेत, एक शिक्षिका, एकीचं दुकान.

"पण पदवी सगळ्यांकडं हाय," ते म्हणाले. "कॅम्प नि पेपर एका दिवशी आला, तर पेपर नंतर घ्यावा म्हणून मी भांडतो. एनसीसीतनं फौजेत जायला मुलींच्या जागा थोड्या हैत. तू लागशीलच असं मात्र म्हणणार न्हाई."

"हितंच," शिवांजली म्हणाली.

हॉस्टेलच्या दारात नाथाजींनी रंगाचा डबा काढला आणि जुनं नाव खरवडायला घेतलं.

"आबा, ऱ्हाऊ द्या," शिवांजलीनं त्यांचा हात धरला. "पप्पांचं बिननंबराचं नाव रोज बघितलं, म्हणून तर तसं इचारायला सुचलं."

वीरधवलनं तोंड फिरवलं. डोळे पुसत होता, मला दिसलं.

आता मी तिच्या कॉटखाली आहे. पोटात पुस्तकं, पाय गंजलेले. तुम्ही कॉलेज बघायला जाल तेव्हा किती लागले ते खुशाल विचारा, पण न लागलेल्यांचीही चौकशी करा. त्यांतल्या एकाचं नाव माझ्या झाकणावर आहे.