मीठ चवीपुरतं

नाक मुरडू नका. मला वास येतो हे मला ठाऊक आहे. व्हिनेगरचा, लसणाचा आणि मासळीचा. तिन्ही वास माझ्या पानांत असे मुरलेत की ते आता जायचे नाहीत. मी पाककृतींचं पुस्तक बोलतोय. एका किनारपट्टीवरच्या मासळीचं, आणि तिथल्या चुलींवर पोर्तुगीज खलाशी मागे ठेवून गेले त्या चवींचं.

नवा होतो तेव्हा मी भलताच देखणा होतो. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर निळ्या बशीत लालभडक बांगडा. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. खरं सांगू? तो बांगडा कच्चा होता. फोटोवाल्याने त्याला वरून मसाला फासला, तेल चोपडलं आणि दिव्यांखाली इतका तापवला की शेवटी मांजरानेही तो हुंगून सोडून दिला. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं!

माझ्या पहिल्या मालकिणीने मला दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर मांडलं. पाहुणे यायचे, मला चाळायचे, "अहाहा!" करायचे आणि मग बाहेरून जेवण मागवायचे. माझ्या एकाही पानाला तेलाचा डाग नव्हता. पाककृतींच्या पुस्तकाची याहून मोठी नाचक्की कोणती? पुढे घर बदलताना त्यांनी मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात देऊन टाकलं. तिथून मला मीठमामांनी उचललं.

मीठमामा आणि मामी, दोघं नवरा-बायको, बंदराच्या रस्त्यावर खानावळ चालवत. खाली खानावळ, वर घर. मामी रांधायच्या, मामा गल्ल्यावर बसायचे. पण मामांनी मीठ बघितल्याशिवाय एकही पातेलं बाहेर जायचं नाही. मामी पळी घेऊन वळायच्या, "मीठ बघा हो जरा" म्हणायच्या, मामांचा तळहात पुढे यायचा. त्यावर थेंबभर रस्सा. मामा चाटायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "चिमूटभर अजून." मामी स्वतः कधीच चव घेत नसत. लग्न झाल्यापासून त्यांचं हे असंच चाललेलं. मीठमामा हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं.

मला बघून मामी म्हणाल्या, "आता या वयात मला पुस्तक शिकवणार होय स्वयंपाक?" पण मला ठेवलं मात्र चुलीजवळच्या फळीवर. थोड्याच दिवसांत मला पहिला डाग पडला, हळदीचा. काय सांगू, जन्माचं सार्थक झालं!

मग मामांच्या घशात गाठ निघाली. इस्पितळात किरणांचा शेक देऊन गाठ गेली, पण जाताना गिळणंही घेऊन गेली. काहीही खाल्लं की ते श्वासनळीत उतरायचं. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली आणि बजावलं, "तोंडातून थेंबसुद्धा द्यायचा नाही. फुप्फुसात गेला तर जिवावर बेतेल." गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसू लागला. मीठही तोच बघायचा, वाटीतून, चमच्याने.

मामा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा मामींनी काहीतरी बघायला मला उघडलं, तेव्हा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मोठ्याने वाच." त्या दिवसापासून दुपारची आवराआवर झाली की मामी मला मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून वाचायच्या. अमुक मासा, तमुक मिरची, आलं, लसूण. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच कडाडायचे, "लसूण एवढाच? कंजूष आहे तुझं पुस्तक!" मला राग यायचा. पण खोटं कशाला बोलू, इतक्या भुकेने मला आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांचं लाडकं पान एकच. पोर्तुगीज खलाशी लांबच्या सफरीवर निघताना मांस-मासळी टिकावी म्हणून लसणात आणि आंबवलेल्या द्राक्षरसात मुरवून पिंपात भरत, ही हकिकत आणि तिच्याखाली व्हिनेगर-लसणातल्या बांगड्याची कृती. एकदा ते ऐकून मामा म्हणाले, "सुखी होते गं ते खलाशी. शिळं का होईना, तोंडाने खात होते." मामींनी पुढची ओळ वाचलीच नाही.

थोड्या दिवसांनी मामांनी हट्ट धरला. "वाचून पुरे झालं. आता कर. गिऱ्हाइकांना वाढ, मी नुसता वास घेईन."

मामींनी बांगडा केला. भर दुपार, बाहेर टेबलं भरलेली, वाढपी "आण, आण" ओरडतोय, मुलगा गल्ल्यावरून "आई, झालं का?" विचारतोय. मी कट्ट्यावर उघडा, वाफेने पानं ओली. रस्सा खदखदला. व्हिनेगरचा तो वास उठला तशी खुर्चीतल्या मामांची मान वर झाली. मामी पळी घेऊन वळल्या.

"मीठ बघा हो जरा."

मामांचा तळहात पुढे आला. थेंब पडला. मामांनी चाटला. दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. अहो, हातांना कुठे ठाऊक होतं डॉक्टर काय म्हणाले ते! मामांनी डोळे मिटले. आजारपणात कधी दिसला नव्हता असा चेहरा झाला त्यांचा.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आणि मग ठसका लागला. तो थांबेचना. मामींच्या हातातली पळी खाली पडली. मुलगा धावत आला, त्याने मामांचे ओलसर ओठ बघितले, आईकडे बघितलं. "आई! काय दिलंस त्यांना?"

"माझा हात गेला रे... आपोआप गेला."

इस्पितळात मामांना न्यूमोनिया झाला. ते परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, कदाचित थेंबाने झालं असेल, कदाचित आधीपासून लाळच उतरत असेल, सांगता येत नाही. मुलाने मला उचलून भिंतीवर फेकलं. "सांगता कसं येत नाही?" एवढंच तो बोलला. तेव्हापासून कामापुरतं सोडलं तर तो आईशी बोलत नाही. माझी पाठ उसवली ती तेव्हा. मामींनी मला दोऱ्याने बांधून पुन्हा फळीवर ठेवलं.

खानावळ चालू आहे. चालू आहे म्हणायचं, झालं. आता मीठ कुणीच बघत नाही. मुलगा स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही, मामी जिभेला काही लावत नाहीत. टेबलाटेबलावर मिठाच्या वाट्या ठेवल्यात, ज्याने त्याने आपापलं घालून घ्यावं. जुनी गिऱ्हाइकं पहिला घास घेतात, मुकाट वाटी ओढतात आणि हळूहळू यायची बंद होतात.

परवा मामींनी माझा दोरा सोडला. तेच पान काढलं. बांगडा शिजला, वास उठला आणि मामी पळी घेऊन वळल्या. खुर्ची तिथेच आहे अजून. "मीठ बघा हो..." थेंब फरशीवर पडला. मग खाली बसून त्यांनी तो पदराने पुसला आणि बसल्या जागीच ढसाढसा रडल्या. गल्ल्यावर मुलाला ऐकू गेलं असणार. तो आला नाही.

माझे आता थोडे दिवस उरलेत. पानं सुटायला लागलीत, उद्या चूल पेटवायला घेतलंत तरी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. त्या पानावर शेवटच्या ओळीत छापलंय, 'मीठ चवीपुरतं'. कुणाच्या चवीपुरतं, ते मला लिहिणाऱ्या बाईंनी लिहिलं नाही. तुमच्या घरात मीठ बघणारं माणूस असेल तर पातेलं उतरवण्याआधी त्याला विचारा. आणि ते "कमी आहे" म्हणालं, तर वाद घालू नका. घाला चिमूटभर. मामींचं ते घालायचं राहून गेलं.