पाडवा टाळून घेतलेली गाडी

शंभूचा भाड्याचा टेंपो त्या दिवशी आलाच नाही. मांद्र्याच्या एका हॉटेलच्या बागेसाठी सिद्धीने सकाळी सहापासून तीनशे रोपं रस्त्याच्या कडेला मांडून ठेवली होती. जास्वंद, अबोली, क्रोटन. दहा वाजता शंभूचा फोन आला की मेव्हण्याच्या लग्नाची माणसं घेऊन तो सावंतवाडीला पोचलाय. साडेदहाला हॉटेलवाल्याचा फोन आला की त्याने दुसरीकडून रोपं मागवली आहेत. उन्हात अबोली माना टाकत होती. सिद्धीने एकेक पिशवी उचलून परत सावलीत नेली आणि हात धुऊन सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"मामा, माका गाडी घेवची आसा. पिकअप. बँकेत मी विचारून इलंय. कर्ज देतत म्हणाले."

कृष्णनाथ काजूच्या कलमांना पाणी घालत होते. त्यांनी नळी खाली ठेवली. डिचोली तालुक्यात पाळी गावच्या खाणींवर सत्तावीस वर्षं त्यांनी खनिजमातीचे ट्रक चालवले होते, पण त्यातला एकही त्यांचा नव्हता. खाणी बंद पडल्या तेव्हा ते कोरगावला घरी आले ते कायमचे. मुलगा साईश जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. घराच्या मागच्या जमिनीत चाळीस कलमांपासून ही नर्सरी उभी केली ती सुनेने. आता तिथे सहा हजार रोपं होती आणि कामाला दोन बायका होत्या.

"नवी?" त्यांनी विचारलं.

"नवीच."

"मगे बघूया," ते म्हणाले आणि नळी पुन्हा उचलली. पण त्या दिवशी त्यांनी त्याच त्या वाफ्याला दोनदा पाणी घातलं.

पहिल्यांदा दोघं म्हापशाच्या शोरूममध्ये गेली, सिद्धीच्या स्कूटरवरून. कृष्णनाथांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. योगेश नावाचा चटपटीत सेल्समन पुढे आला, त्याने थंड पाणी दिलं आणि खुर्ची कृष्णनाथांकडे वळवून बसला.

"काका, कशासाठी हवी गाडी? मासळी, भाजी, की भाड्याला?"

"गाडी तिची," कृष्णनाथ म्हणाले. "तिका विचार."

योगेशने खुर्ची वळवली. दहा लाख पंचवीस हजार, सगळं धरून, तो म्हणाला. सिद्धीने पिशवीतून वही काढली.

"सगळं धरून म्हणजे काय काय? वेगवेगळं लिहून द्या."

लग्नाआधी चार वर्षं सिद्धी साखळी गावात एका विमा एजंटाच्या ऑफिसात कामाला होती. गाड्यांचे कागद तिच्या हाताखालून रोज जायचे. योगेशने नाखुशीनेच लिहून दिलं. गाडीची किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा. त्याखाली 'हँडलिंग' नऊ हजार आणि 'अ‍ॅक्सेसरीज' आणखी नऊ हजार.

"हे हँडलिंग कसलं?"

"मॅडम, गाडी यार्डातून इथे आणायची, धुवायची..."

"ती विकायची तर तुम्ही ती आणणारच ना?"

योगेश हसला. मग त्याने आवाज खाली आणला. आज बुकिंग केलं तर पंचेचाळीस हजार कमी करतो, म्हणाला, आणि गाडी पाडव्याला दारात. पाडवा अकरा दिवसांवर होता. नऊ लाख ऐंशी हजार. सिद्धीने मनात हिशेब केला. तिने एवढ्याची अपेक्षाच केली नव्हती. तिचा हात पर्समधल्या चेकबुकाकडे गेला.

"जी गाडी देतलास, ती माका दाखय," कृष्णनाथ म्हणाले.

"काका, ही समोर आहे तशीच. सेम टू सेम."

"तशी नको. तीच."

यार्ड शोरूमच्या मागे होतं. पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत शेवटची, कुंपणाला लागून उभी असलेली गाडी योगेशने दाखवली. कृष्णनाथ तिच्याभोवती एकदा फिरले. एका चाकाजवळ बसले, टायरच्या कडेवरचे चार आकडे बोट फिरवून वाचले. मग पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता सरळ पाठीवर पडले आणि गाडीखाली सरकले. बाहेर नुसत्या त्यांच्या चपला दिसत होत्या. सिद्धीला क्षणभर लाज वाटली. शोरूममधली चार माणसं काचेतून बघत होती.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांना तांबडा गंज लागला होता. तो त्यांनी योगेशला दाखवला.

"स्प्रिंगच्या पाट्यांचो गंज. हिने पुरो पावसाळो उघड्यार काढलो. टायर गेल्या एप्रिलातले. आता ती दाराकडली पट्टी वाच."

दरवाजाच्या चौकटीवर गाडी बनवल्याचा महिना होता. गेल्या वर्षीचा मे.

"पण काका, गाडी नवीच आहे," योगेश म्हणाला. "मीटर बघा, बारा किलोमीटर."

"मीटर खरो आसा. पण उद्या विकूक गेल्यार गाडीचा वय जल्मापासून मोजतत, बारश्यापासून न्हय."

योगेशने आणखी पाच हजार कमी करायची तयारी दाखवली. सिद्धीने वही बंद केली. हातातला कोटेशनचा कागद मात्र नीट घडी करून वहीत ठेवला.

परतताना कोलवाळचा पूल ओलांडल्यावर तिने स्कूटर कडेला घेतली.

"मामा, मी सही करतलंय होतंय. कागदार माका सगळा कळता म्हणान वाटला."

"कागद तुका कळता," कृष्णनाथ म्हणाले. "लोखंड माका कळता. दोघां होती म्हणान बरा झाला."

त्यानंतर ती फोंड्याच्या शोरूममधून भाव लिहून घेऊन आली आणि मग दोघं डिचोलीला गेली. तिथली शोरूम लहान होती, दुसऱ्या डीलरची. विक्री बघणारी तेजस्विनी नावाची चाळिशीची बाई होती. तिने खुर्ची आधीच दोघांच्या मधोमध ठेवली. तिच्याकडे दोन महिन्यांपूर्वी बनलेली गाडी होती. कृष्णनाथ पुन्हा गाडीखाली गेले आणि शर्ट झाडत बाहेर आले. "बरी आसा," एवढंच म्हणाले. पण भाव इथेही दहा लाख पंचवीस हजारच होता आणि तेजस्विनी त्यातून एक पैसाही उतरायला तयार नव्हती.

"पाडव्याला माझ्याकडे सात गाड्या आणि अकरा गिऱ्हाईकं आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला कशाला कमी करू? खोटं सांगत नाही."

सिद्धीला ती बाई आवडली. तिने विचारलं, "आणि पाडवा झाल्यावर?"

तेजस्विनीने पेन टेबलावर ठेवलं. "झाल्यावर या, मग बोलू."

यंदा पाडवा मार्चच्या अगदी शेवटी आला होता. पाडव्यानंतर दोन दिवसांनी महिना संपत होता आणि त्याबरोबर कंपन्यांचं वर्षही. साखळीच्या ऑफिसात असताना सिद्धीने ते बघितलं होतं. एकतीस मार्चला शोरूमवाले विम्याच्या कागदासाठी संध्याकाळपर्यंत दाराशी बसून असायचे, कारण वर्षाच्या आकड्यात एक गाडी वाढली तर वरून बक्षीस मिळायचं. तिने मनाशी ठरवलं. पाडव्याला गाडी घ्यायची नाही.

घरी हे सांगणं कठीण गेलं. सासूबाई सत्यवती यांनी गाडीला घालायला झेंडूच्या हाराची ऑर्डरसुद्धा दिली होती.

"पाडव्याक घेवची नाय? साडेतीन मुहूर्तांतलो एक मुहूर्त सोडून एकतीस तारखेक? त्या दिवसाक काय आसा?"

"आई, त्या दिवशी त्यांका गिऱ्हाईक होया," सिद्धी म्हणाली. "पाडव्याक गिऱ्हाईकाक गाडी होयी आसता. आमी त्यांच्या गरजेच्या दिवशी जावया."

"देवाच्या कामात गरज काढतंस?"

सत्यवतींनी कृष्णनाथांकडे पाहिलं. बायको आणि सून यांच्यात कृष्णनाथ सहसा पडत नसत. त्यांनी ताटातली भाकरी मोडली, कालवणात बुडवली.

"ती म्हणता तसा करूया," ते म्हणाले. "गाडी हाडल्यार नारळ आमच्याच दारात फुटतलो मगो."

पाडव्याच्या दिवशी शेजारच्या यशोदाच्या घरी नवी स्कूटर आली. तिने पेढे आणून दिले. सत्यवतींनी गुढीला नमस्कार केला, पेढे घेतले आणि दिवसभर सुनेशी कामापुरतंच बोलल्या. सिद्धीच्या जिवाला ते लागलं. रात्री जहाजावरून साईशचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "चुकलं तर सगळे मलाच बोलणार."

"बाबा काय म्हणतात?"

"ते माझ्या बाजूने."

"मग जा तू," साईश म्हणाला. "बाबा उगाच कुणाच्या बाजूने होत नाहीत."

एकतीस तारखेला अकरा वाजता दोघं डिचोलीला पोचली. शोरूम ओस होती. पाडव्याचं तोरण सुकून दारावर लटकत होतं. तीच गाडी अजून तिथे होती. ज्याच्या नावावर ती लावली होती त्याचं कर्ज बँकेत अडकलं होतं. कृष्णनाथांनी पट्टीवरचा नंबर मागच्या खेपेला लिहून घेतलेल्या नंबराशी ताडून पाहिला आणि मान हलवली.

सिद्धीने टेबलावर कागद मांडले. म्हापशाचा, फोंड्याचा आणि तेजस्विनीचा स्वतःचा.

"हँडलिंग काढा," ती म्हणाली.

तेजस्विनीने त्यावर रेघ मारली.

"अ‍ॅक्सेसरीज मला नकोत. सीटकव्हर आणि घंटी घेऊन मी काय करू? माझी रोपं मागे बसणार."

दुसरी रेघ.

"विमा मी बाहेरून घेते. साखळीच्या बाबाजींनी, माझ्या जुन्या साहेबांनी, काढून दिलाय. सेम कंपनी, सेम कव्हर. तेरा हजार कमी." तिने मोबाइल पुढे केला.

तेजस्विनीने वाचलं, पुन्हा वाचलं. "विम्यात आम्हाला थोडं सुटतं," ती खरं ते बोलली.

"माहीत आहे. मी त्या बाजूला बसून काम केलंय."

कृष्णनाथ हात मांडीवर ठेवून ऐकत होते. खाणीवर त्यांच्या मालकांना त्यांनी पंधरा-वीस ट्रक घेताना पाहिलं होतं. ती माणसं मोठ्याने बोलायची, टेबलावर हात आपटायची. ही हळू बोलत होती आणि एकेक रेघ पडत होती.

"आता गाडीच्या किमतीत," सिद्धी म्हणाली, "तीस हजार."

"तीस नाही होत. पंधरा देते. या वर्षीची गाडी आहे."

"म्हणूनच आलेय. गेल्या वर्षीची मला म्हापशात मिळत होती."

"वीस. शेवटचं."

सिद्धीने कागद गोळा केले आणि वहीत ठेवले. वीस काही वाईट नव्हते. घेऊन टाक, असं कृष्णनाथांच्या अगदी ओठावर आलं, पण त्यांनी ते गिळलं. म्हापशाच्या यार्डात ते चाकाशी बसले होते तेव्हा तीसुद्धा मध्ये बोलली नव्हती.

"तेजस्विनीताई," सिद्धी उभी राहिली नाही, आवाजही वाढवला नाही. "बँकेचं पत्र माझ्याकडे आहे. आत्ता तीन वाजेपर्यंत पैसे तुमच्या खात्यात येतील आणि बिल आजच्या तारखेचं होईल. आज तुमच्या वर्षाच्या आकड्यात एक गाडी कमी आहे की नाही, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे."

तेजस्विनी फोन घेऊन आत गेली. काचेच्या पलीकडे ती येरझाऱ्या घालताना दिसत होती. दहा मिनिटं गेली. कृष्णनाथ तीन वेळा पाणी प्याले.

बाहेर आली ती हसतच. "तीस. पण तुमचा फोटो काढू द्यायचा, शोरूममध्ये लावायला."

नऊ लाख चौसष्ट हजार. पहिल्या दिवशी म्हापशात सांगितल्यापेक्षा एकसष्ट हजार कमी, आणि पावसात भिजलेल्या त्या जुन्या गाडीच्या शेवटच्या भावापेक्षाही अकरा हजार कमी.

सह्या करताना तेजस्विनीने विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत खरेदी बघता?"

सिद्धी काही बोलायच्या आत कृष्णनाथ म्हणाले, "कंपनी न्हय. कोरगावाक तिची नर्सरी आसा. आमची सून ती." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. कोपऱ्यात फरशी पुसणारी बाईसुद्धा वळून बघायला लागली.

आठवड्याने, नंबर पडल्यावर, दोघं गाडी आणायला बसने गेली. फोटोसाठी पुठ्ठ्याची मोठी किल्ली होती. फोटोवाल्याने ती सवयीने कृष्णनाथांच्या हातात दिली. त्यांनी ती सिद्धीकडे दिली आणि तिच्या मागे, एक पाऊल बाजूला उभे राहिले. फोटोत तिच्यापेक्षा त्यांचीच छाती जास्त फुगलेली दिसते.

डिचोलीपासून अस्नोड्यापर्यंत गाडी त्यांनी चालवली. तिथे कडेला घेऊन उतरले, दुसऱ्या बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, "आता तू." सिद्धीकडे लायसन होतं, पण एवढी मोठी गाडी तिने फक्त शंभूच्या टेंपोवर शिकताना हाताळली होती. पहिल्या वळणावर इंजिन बंद पडलं. मागून कदंबाच्या बसने हॉर्न दिला. कृष्णनाथ खिडकीतून बाहेर बघत बसले. धारगळपर्यंत तिचे खांदे सैल झाले होते.

दारात सत्यवती आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. नवा हार मागवला होता, पाडव्याच्या हारापेक्षा मोठा. त्यांनी गाडीला कुंकू लावलं, चाकाशी नारळ फोडला. मग कुणी काही म्हणायच्या आत पदर खोचून पुढच्या सीटवर चढल्या आणि दार लावून घेतलं.

"चल गो," त्या सुनेला म्हणाल्या. "देवळाकडसून वाड्यात फिरवून हाड माका. सावकाश. सगळ्यांक दिसाक होयी."

यशोदाच्या दाराशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि काच खाली केली.

"यशोदा, बघलंस मगो? एक लाख उतरवल्यान हिने. एक लाख!"

"एकसष्ट हजार, आई," सिद्धी हळूच म्हणाली.

"तू गप गाडी चालय," सत्यवती म्हणाल्या, आणि पुढच्या घराकडे बोट दाखवलं.