लांगवेर्डरचा पलीकडचा काठ

बाबांच्या दहाव्याला मी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोतल्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर उभी होते. इथे संध्याकाळचं ऊन, पुण्यात घाटावर सकाळ. माझ्या भावाने, रवींद्रने, पिंड मांडून बराच वेळ झाला होता, आणि कावळा शिवत नव्हता.

"दादा जेवायला कधी वेळेवर आलाय?" प्रतापकाका म्हणाले. गुरुजीसुद्धा हसले.

मग नेहमीचं सुरू झालं. गेलेल्याची इच्छा राहिली असेल, तर ती पुरी करायचा शब्द द्यायचा. रवींद्र म्हणाला, "आईला अंतर देणार नाही, बाबा." काकू म्हणाल्या, "तुमच्या कुंड्यांना रोज पाणी घालू." कावळे भिंतीवर बसून राहिले.

"नीलू, तू बोल. तुझ्यावर जीव होता त्याचा," काका म्हणाले.

मला त्यांची एकच इच्छा ठाऊक होती.

तरुणपणी बाबा पंपांच्या एका कारखान्यात शिकायला वर्षभर जर्मनीत होते. लांगवेर्डर, एल्ब नदीकाठचं छोटं गाव. ते आम्हाला जेवणाच्या टेबलावर कळलं. आडवी पळी म्हणजे नदी, पोळ्यांचा डबा म्हणजे मागची टेकडी, मधल्या वाट्या म्हणजे घरं. दोहोंच्या चिमटीत गावाला वाढायला जागाच नव्हती. पूर्वी ते होड्यांकडून जकात घेऊन पोसलं. एकदा सगळं जळलं, तरी लोकांनी जुन्याच वळणांवर पुन्हा घरं बांधली. पुराच्या खुणा चर्चच्या भिंतीवर कोरून ठेवल्या.

बाबा होते तेव्हा समोरचा काठ पूर्व जर्मनीचा होता. ये-जा करणारी होडी युद्धानंतर बंद झालेली, पलीकडे कुंपण आणि पहाऱ्याचे मनोरे. घरमालकिणीची बहीण तिकडे राहायची. मालकीण बाबांच्या खोलीत येऊन खिडकीतून पलीकडचा धूर बघायची आणि म्हणायची, "उठली वाटतं."

पुढे सीमा उघडली, होडी सुरू झाली, पण बाबा तोवर पुण्यात संसारात अडकले होते. "एकदा पलीकडे उभं राहून माझी खिडकी बघायचीय," एवढंच म्हणायचे.

"बाबा," मी म्हणाले, "मी लांगवेर्डरला जाईन. पलीकडच्या काठावरून तुमची खिडकी बघेन."

एक कावळा उतरला. घास घेऊन उडाला.

"बघा!" काका ओरडले. "लेकीचंच ऐकायचं होतं त्याला!" तिकडे सगळे रडू लागले. मी कॅमेरा बंद केला.

माझा नवरा राजेश दारात उभा होता. "नीलू, तू हे काय बोलून बसलीस?"

ग्रीन कार्डचा अर्ज माझ्या नावावर आहे. राजेश आणि आमची मुलगी अनिका त्याच अर्जावर इथे आहेत. प्रवासाचा परवाना हातात नसताना देशाबाहेर गेले, तर मी अर्ज सोडून दिला असं धरतात. तो परवाना अजून आलेला नाही. तातडीने मागितला, तरी इमिग्रेशन ऑफिसने दिलेली तारीख बाबांच्या तेराव्यानंतरची होती. म्हणून तर मी घाटावर नव्हते.

"बाकीच्यांनी बघ," तो हळूच म्हणाला, "घरबसल्या जमेल असंच कबूल केलं."

"मी खोटं बोलले असते, तर तो उतरला नसता."

"यार, तो कावळा आहे."

त्याने पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं.

अनिका आतून आली. "आई, व्हॉट टाउन?"

मी टेबलावर पळी आडवी ठेवली. डबा, वाट्या. सगळं सांगितलं. तिने बरणीचं झाकण उचललं आणि पळीपाशी आणलं. "धिस इज द बोट. इट्स ओपन नाऊ, राइट? सो गो."

"होडी चालू आहे," मी म्हणाले. "मला जाता येत नाही."

"देन प्रॉमिस का केलंस?"

मी उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, पळीच्या पलीकडे गेले, खुर्ची ओढली, पण बसवेना. तिथे बसले असते, तर शब्द पाळल्यासारखं झालं असतं, आणि बाबांची तेवढ्यावर बोळवण करणं मला जमणार नव्हतं. खुर्ची पुन्हा आत सरकवली.

पळी कुणी उचलली नाही. आता आम्ही तिघं तिच्या अलीकडे, एकाच बाजूला, कोपर कोपराला लावून जेवतो. राजेश रोज परवाना आलाय का म्हणून टपालपेटी बघून येतो आणि पान वाढून घेतो.