अठ्ठावीस पेपर

तिसऱ्या पेपरवर लाल रेघ ओढून झाली, तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, की हे पेपर आपले नाहीत.

कॉलेजात, सरांच्या केबिनमध्ये त्या दीड तास बसून होत्या. "आत बसा, सर येतीलच," असं सांगून शिपाई गेला तो गेलाच. समोर टेबलावर पहिल्या वर्षाच्या चाचणीचा गठ्ठा पडला होता. वरच्याच पेपरात कुणीतरी नदीला समुद्राकडून डोंगराकडे वाहायला लावलं होतं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईचा हात गप्प बसतो थोडाच? पर्समधलं लाल पेन कधी बाहेर आलं, ते त्यांनाही कळलं नाही.

आता काय करायचं? तीन तपासलेले आणि बाकीचे तसेच, हे तर आणखीच वाईट दिसणार. बाईंनी कपाळाला हात लावला आणि चौथा पेपर पुढे ओढला.

खरं तर याच कामाला कंटाळून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. मान कायमची धरली होती, चष्म्याचा नंबर वाढला होता आणि एवढ्या वर्षांत स्वतःसाठी एक पुस्तक धड वाचून झालं नव्हतं. नदी आपला काठ का सोडते, हे एकदा नीट शोधायचं होतं. त्यासाठी पीएचडी, आणि पीएचडीसाठी मार्गदर्शक म्हणून सरांची सही, तीही आज चारच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. गेल्या खेपेला सर चहा ढवळत म्हणाले होते, "या वयात झेपेल का तुम्हाला? विचार करून सांगतो." तेव्हापासून बाईंना धड झोप नव्हती.

सर आले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि अठ्ठावीस पेपर झाले होते. सर वयाने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान, पण बाई उठून उभ्या राहिल्या.

"सर, चूक झाली. बसल्या बसल्या हात चालला. मी सगळं खोडून देते."

 सर एकेक पेपर उलटून पाहू लागले. संपलं सगळं, असं बाईंना वाटलं.

"इथे साडेतीनच का दिलेत?"

"आकृती बरोबर आहे, पण नावं घातली नाहीत. अर्धा कापला."

"मी तर सरसकट पाच देऊन मोकळा होतो." सर खुर्चीत टेकले आणि पहिल्यांदाच हसले. "द्या तो फॉर्म."

सही झाली. शिक्काही बसला. बाईंना एकदम भरून आलं. तोवर सरांनी कपाट उघडून आणखी दोन गठ्ठे टेबलावर ठेवले.

"दुसऱ्या वर्षाचे आहेत. घाई नाही, सोमवारपर्यंत झाले तरी चालतील. तुमच्यासारखं माणूस हवंच होतं विभागात."

"आणि सर, मी वाचायला काय घेऊ?"

"देऊ की यादी सावकाश."

ऑफिसात फॉर्म देऊन बाई जिन्याशी आल्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, झाली का सही?"

"झाली."

"चला, सुटलीस एकदाची त्या पेपरांच्या कटकटीतून."

बाईंनी गठ्ठे या काखेतून त्या काखेत घेतले.

"हो ना," त्या म्हणाल्या. "ठेवते आता. हातात सामान आहे."