शेवटचा टी

"शेवटचा टी लिहायचा, म्हणायचा नाही. बुके, बुफे. फ्रेंचांकडून आलेले शब्द आहेत, इंग्रजीत बोलताना सहज यायला हवेत. पण सरसकट सगळ्याच शब्दांना हे लावू नका हो."

मालिनीबाईंचा तो आवाज अजून कानात आहे. २००१ साली त्यांनी रत्नागिरीत बायकांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग काढला. त्यांचं पहिलं वाक्य मी जपासारखं घोकलं. शेवटचं ऐकलंच नाही.

शेजारच्या सोनूबाईंना मी तेव्हाच शब्द दिला होता, "मी शिकले की तुम्हाला शिकवीन." त्यांची नात उर्वी बंगलोरला. फोनवर तिच्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलता यावीत, एवढीच त्यांची हौस. मी आज-उद्या करत राहिले. त्या बिचाऱ्या येऊन माझी वही चाळून जायच्या.

मे महिन्यात वर्गाचा समारोप झाला. मुंबईहून एक पाहुण्या आल्या होत्या. त्यांच्यासाठी फुलं सोनूबाईंच्या परसातली, मोगरा आणि अबोली, पहाटे उठून त्यांनीच बांधलेली. लाजत पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, धिस बुकेट फॉर यू."

"बादली आणलीत की काय, सोनूबाई?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मी तरी गप्प बसावं की नाही? पण जीभ वळवळली. "बुके म्हणायचं हो, बुके! येत नाही तर मराठीत बोलावं माणसानं."

"तुमच्याच वहीत वाचलं नं, वैनी," त्या हळूच म्हणाल्या. फुलं टेबलावर ठेवून पार मागे जाऊन बसल्या.

मग माझी पाळी. आमच्या बागेतल्या हापूसची करंडी पाहुण्यांना द्यायची होती. मी ताठ उभी राहिले.

"प्लीज ॲक्सेप्ट धिस बास्के ऑफ मँगोज."

"बास्के?" पाहुण्यांनी विचारलं.

"येस, बास्के," मी ठासून म्हणाले.

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मालिनीबाईंनी मान खाली घातली. तेव्हा कळलं, बास्केटमधला टी म्हणायचा असतो. मागून एकच आवाज आला, न हसता.

"करंडी म्हणतायत त्या. आंब्यांची करंडी."

सोनूबाई उभ्या राहिल्या होत्या.

रोज सकाळी देवापुढे दिवा लावून मी म्हणते, 'आज कुणाला टाकून बोलणार नाही.' तेव्हाच बारा वर्षांचा नेम होता. दुसऱ्या दिवशी दिवा लावला, हात जोडले, पण ते वाक्य ओठांवर येईना. कोणत्या तोंडानं म्हणायचं? देवाची लाज वाटलीच, पण सोनूबाईंची जास्त; शेजारच्या अंगणाकडे नजर जाईना.

जोडलेले हात सोडले. मग वही काढली. प्रत्येक शब्दाखाली तो कसा म्हणायचा ते मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं. 'बास्केट'मधल्या ट खाली रेघ ओढली.

वही पदराखाली घेतली, चपला घातल्या आणि दगडी गडग्यापलीकडे सोनूबाईंच्या घराची वाट धरली.